रामजन्म लांबला तेव्हा

"पोरी, कुठली पोथी म्हणायची ही?"

ऐन प्रदक्षिणेत, देवळाच्या मागच्या अंगाला, सोनाक्कांनी मला अडवलं. सोनाक्का म्हणजे आमच्या आळीतल्या राममंदिराच्या हक्काच्या श्रोत्या. कीर्तन कुणाचंही असो, पहिल्या रांगेत खांबाला पाठ टेकून त्या बसलेल्या असायच्याच.

"प्राणिशास्त्र," मी म्हटलं.

"आन् महात्म्य कुणाचं हाय?"

देवळाच्या आवारात खोटं बोलवेना. "गांडुळाचं."

मला वाटलं, आता हसतील. पण सोनाक्कांनी पदर डोक्यावर ओढला, माझ्या पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला आणि पिशवीतलं जास्वंदीचं फूल चित्रातल्या गांडुळावर ठेवलं. "बरोबर हाय. शेत तोच राखतो. वाच बाई, वाच. खंड पाडू नगंस."

चार दिवसांत साऱ्या तासगावात झालं की, बेदाण्याच्या शीतगृहातल्या आप्पांची वैजयंती राममंदिरात पारायणाला बसली आहे, म्हणजे बसली नाही, उभ्यानं फिरून करते आहे, म्हणजे नवस फारच कडक असणार. मुलीच्या जातीला एवढा कडक नवस कशासाठी असतो, हे काय सांगायला लागतं? पुढच्याच आठवड्यात कवठ्याहून एक स्थळ चौकशीला आलं. मुलगा ट्रॅक्टरच्या शोरूमात होता. आईनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"आता घरात बसून अभ्यास कर!"

"घरात बसून हिचा होत नाही," आप्पा म्हणाले. "ती कृतिशैलीची आहे. सरांनी लिहून दिलंय."

हे सर म्हणजे सांगलीचे परांडेकर. बारावीची परीक्षा झाली आणि त्यांनी आमच्या गावात 'आपली अध्ययनशैली ओळखा' म्हणून शिबिर घेतलं. माणसं तीन प्रकारची असतात, कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हातपाय हलवून, असं त्यांचं म्हणणं. आप्पांना ते एका क्षणात पटलं. त्यांचा सारा जन्म बेदाण्याची प्रतवारी करण्यात गेलेला. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा. मुलं सरसकट एका पोत्यात भरून चालणार नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि माझी तर प्रत लावण्याची निकडच होती. पुण्याला विद्यापीठात जीवशास्त्राचा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम होता, आणि मला तिथं जायचं होतं. इतकं जायचं होतं की झोपेत मी पुण्याच्या एसटीत बसलेली असायची. त्यासाठी मे महिन्यात एक लेखी आणि लगेच त्याच दिवशी एक तोंडी परीक्षा होती. माझी लेखी कधी वेळेत पुरी होत नसे आणि तोंडीला तर तोंडच उघडत नसे. बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "तुझं नाव काय?" विचारलं तेव्हासुद्धा मी छताकडे बघितलं होतं. येत नव्हतं असं नाही. सगळं येत होतं. पण समोर जाणकार माणूस बसला की आतलं सगळं कुलूपबंद.

माझी उमाआत्या इस्लामपूरला असते. तिनं आप्पांकडून वचनच घेतलं होतं. "एकदा बसू दे त्या परीक्षेला. नाही झालं तर आमच्याकडे डी.एड.ला घालायची, आणि कवठ्याच्या त्या मुलाला हो म्हणायचं. विद्यापीठात काय मुक्यांचा वर्ग काढलाय का दादा?"

तर शैली. पहिल्या चाचणीत मी 'दृक्' निघाले. आप्पांनी घरभर रंगीत तक्ते लावले. स्वयंपाकघरात, ओट्याच्या बरोबर वर, पचनसंस्था. पाहुणे जेवायला बसले की त्यांची नजर तिकडे जायची आणि ते दुसरी पोळी नको म्हणायचे. आईनं आठ दिवस सोसलं आणि नवव्या दिवशी मोठं आतडं फाडून चुलीत घातलं. मग आप्पांनी मला पुन्हा चाचणीला नेलं. या वेळी मी 'कृती' निघाले. चालत चालत वाचायचं. आमचं घर दोन खोल्यांचं, चालायचं कुठं? म्हणून देवळाची प्रदक्षिणा.

सरांनी आणखीही एक उपाय लिहून दिला होता. पेपर वेळेत पुरा व्हावा म्हणून मुलीच्या आसपासची घड्याळं थोडी पुढं लावावीत, म्हणजे मेंदूला घाईची सवय लागते. आप्पांनी भिंतीवरचं, कपाटातलं, स्वतःच्या मनगटावरचं, सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढं केली. आम्ही सगळीकडे लवकर पोचायला लागलो एवढाच त्याचा परिणाम मला तेव्हा दिसला होता.

मला स्वतःला या सगळ्यात एकच सुख होतं. चैत्र लागला होता आणि भालचंद्रबुवा आमच्याकडे उतरले होते.

बुवा दर वर्षी रामनवरात्राची कीर्तनं करायला यायचे आणि आमच्याच घरी राहायचे. गळ्याला उन्हाळ्यातसुद्धा मफलर, आणि ताटात मिरचीची भजी. "बुवा, गळा बसेल," आई म्हणायची. "बसू दे हो, उभं राहायचं काम माझं आहे," ते म्हणायचे आणि आणखी दोन उचलायचे. कीर्तनाला झांज धरायला मी त्यांच्यामागे उभी असायची. लहानपणापासून कीर्तन म्हटलं की मला तहानभूक आठवत नाही. बुवांची आख्यानं मला अथपासून इतिपर्यंत पाठ होती. ते कुठं थांबतात, कुठं श्रोत्यांना चिमटा काढतात, कुठं खोकतात, तेसुद्धा. आई म्हणायची, "यातलं निम्मं जरी त्या पुस्तकाचं राहिलं असतं डोक्यात!"

रामनवमीचा दिवस उजाडला. देवळात पाय ठेवायला जागा नाही. मागच्या खोलीतून सुंठवड्याचा वास येत होता. मोगऱ्याच्या माळांनी सजवलेला पाळणा, त्याच्याजवळ पुजारीकाका बाळरामाची इवलीशी मूर्ती कुंचीत गुंडाळून घेऊन बसलेले. बायकांच्या ओंजळीत फुलं, पुरुषांच्या मुठीत गुलाल. पहिल्या रांगेत सोनाक्का. त्यांच्या शेजारी मुद्दाम इस्लामपूरहून आलेली उमाआत्या. आणि आप्पांनी आदरानं बोलावून आणलेले परांडेकर सर.

जन्माचं कीर्तन म्हणजे कीर्तनकाराची कसोटी. इतर दिवशी आख्यान मागंपुढं झालं तरी चालतं. पण या दिवशी दुपारचे बारा वाजायला आणि जन्म व्हायला एकच गाठ पडावी लागते. आमच्या गावात तर नगरपालिकेचा भोंगा बाराला वाजतो. भोंगा आणि 'सियावर रामचंद्र की' हे एकदमच झालं पाहिजे. बुवा त्यात पटाईत. समोरच्या भिंतीवरच्या देवळाच्या घड्याळावर एक डोळा ठेवून ते दशरथाचा यज्ञ असा लांबवत आणत, पायसाची वाटी अशी बेतानं फिरवत, की काटा जुळायला आणि प्रभू जन्मायला क्षणाचाही फरक पडत नसे.

त्या दिवशीही जुळलं. बुवांचा गळा आठ दिवसांच्या कीर्तनांनी आणि तितक्याच दिवसांच्या भज्यांनी बसला होता, तरी त्यांनी उरलासुरला आवाज पणाला लावला. कौसल्यामाईला कळा सुरू झाल्या. वारा थांबला. पाखरं गप्प झाली. दोन्ही काटे एकावर एक आले. बुवांनी चिपळ्या वर नेल्या, बायकांनी ओंजळी उचलल्या, पुजारीकाका मूर्ती घेऊन उठले.

आणि भोंगा वाजलाच नाही.

बुवांनी आलाप घेतला. भोंगा नाही. तबल्याच्या पोपटरावांनी एक लांबलचक तुकडा वाजवला. भोंगा नाही. ओंजळी हळूहळू खाली यायला लागल्या.

"बिघडला का काय?"

"नाही हो, माझ्या घड्याळात अजून व्हायचे होते बारा," कुंभोजकर मास्तर म्हणाले. "पण मी ते मगाशीच पुढं करून घेतलं. म्हटलं, रामाच्या घड्याळापुढं आपल्या घड्याळाची काय पत्रास!"

माझी नजर आप्पांकडे गेली. त्यांचा चेहरा सुंठवड्याच्या रंगाचा झाला होता. देवळाच्या घड्याळाला दर शनिवारी चावी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते घड्याळ ते लावायचे स्वतःच्या मनगटावरचं बघून.

माणसांतून वाट काढत ते पुढं आले आणि बुवांच्या कानाला लागले. मी मागेच उभी, मला सगळं ऐकू येत होतं.

"बुवा, घड्याळ पुढं आहे. वीस मिनिटं."

"का?"

"पोरीच्या अभ्यासासाठी."

बुवांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, रामाकडे बघितलं. पुजारीकाका कुजबुजले, "बाराच्या आत मी मूर्ती पाळण्यात घालणार नाही. सांगून ठेवतो. मुहूर्त म्हणजे मुहूर्त."

"अहो, पण तिला कळा सुरू झाल्यात!" बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता परत डोहाळे कसे लावू? आणि माझा गळा पुरता गेला." त्यांनी मफलर चाचपला. मग एकदम माझ्याकडे वळले. "वैजू, काल संध्याकाळी प्रदक्षिणा घालत काय घोकत होतीस? गर्भाचं काहीतरी?"

"गर्भाची वाढ. तो धडा आहे, बुवा."

"ये पुढं."

"बुवा, मला नाही..."

"मंडळी," बुवा श्रोत्यांना म्हणाले, "प्रभू यायचे आहेत, पण त्यांना थोडा अवकाश आहे. तोवर माईच्या पोटात नऊ महिने त्यांनी काय काय केलं, ते आपली वैजयंती सांगेल." आणि ते गादीवरून चक्क खाली उतरले.

नारदाची गादी ती. मी वाकून नमस्कार केला आणि वर पाय ठेवला. समोर सगळं गाव. उमाआत्या शेजारणीला म्हणाली, कुजबुजत नव्हे, चांगलं ऐकू जाईल असं, "हिला उभं केलंय? आता मात्र राम उद्याच जन्मतो."

मी तोंड उघडलं. सगळ्यात आधी दिसले परांडेकर सर. वही उघडून, पेन सरसावून बसलेले. झालं. कुलूप लागलं. गर्भ नावाचा शब्दसुद्धा आठवेना. छताकडे बघायला लागले.

"वर काय बघतीस?" सोनाक्का खांबाजवळून म्हणाल्या. "मला सांग. पयल्यांदा काय हुतं बाळाचं? डोकं का पाय?"

मी खाली बघितलं. सोनाक्कांनी मान पुढं काढली होती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"डोकंही नाही आणि पायही नाही, अक्का," मी म्हटलं. "काळीज."

"आँ?"

"हातपाय नाहीत, नाक-डोळे नाहीत, बाळ अजून हरभऱ्याएवढंही नाही, आणि काळीज धडधडायला लागतं. आईला अजून दिवस गेल्याचा पत्तासुद्धा नसतो. दशरथराजा आपला दरबारात बसलाय, कौसल्यामाई फुलं तोडतेय, आणि आत रामरायाचं काळीज सुरू!"

माझ्यामागे पोपटरावांनी तबल्यावर हलकेच ठोका धरला. धक्-धक्, धक्-धक्. मी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातांनाच राहवलं नसणार.

"मग?"

"मग हातापायांचे कोंब फुटतात. आधी नुसती वल्ही. दुसरा महिना सरेपर्यंत त्याला बोटं येतात. ज्या बोटांनी पुढं धनुष्य उचलायचं, ती तेव्हा जिऱ्याएवढीसुद्धा नसतात."

बायका हळहळल्या. एकीनं पदर डोळ्याला लावला.

"खातं काय ते?" मागून कुणीतरी विचारलं.

"आई खाते ते. पण आईचं रक्त सरळ त्याच्या रक्तात जात नाही हां. मध्ये वार असते. ती चाळणीसारखी. माईकडून प्राणवायू घेते, अन्न घेते, बाळाला देते, आणि बाळाचं टाकाऊ माईकडे परत."

"बाळ शू कुठं करतं गं?" सोनाक्का.

"तिथंच. आतल्या पाण्यात."

"रामरायबी?"

"रामरायसुद्धा, अक्का. आणि ते पाणी तो गिळायचाही."

देवळात असा हशा उसळला की पुजारीकाकांना मूर्ती छातीशी घट्ट धरावी लागली. बुवा तर पाळण्याच्या खांबाला धरून हसत होते. मला मात्र हसायला सवड नव्हती. मला पुढचं दिसत होतं. धड्याची पानं नव्हती ती. एकामागून एक येणारी ठिकाणं होती, बुवांच्या आख्यानात असतात तशी, आणि प्रत्येक ठिकाणी सोनाक्का वाट बघत उभ्या होत्या.

पाचव्या महिन्यात बाळ पोटात फिरतं ते आईला कळतं. माईनं ते पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल, यावर बायकांत थोडा वाद झाला. राजाला, असं तरुण म्हणाल्या. छे, सुमित्रेला, असं म्हाताऱ्या म्हणाल्या. मी म्हटलं, पुस्तकात दिलेलं नाही. सहाव्यात पापण्या सुटतात, त्यांना केस येतात. "आणि साधारण याच सुमारास," मी म्हटलं, "त्याला ऐकू यायला लागतं."

तिसऱ्या रांगेत सुनेत्रावहिनी होत्या. सोनाराच्या सूनबाई, पहिलटकरीण, आठवा सरत आलेला. त्यांना आजवर देवळात कधी मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "हे आत्ता ऐकतंय?"

"ऐकतंय, वहिनी. शब्द कळत नसतील. पण तुमचा आवाज, पेटी, झांजा... सगळं जातंय आत."

वहिनींनी पोटावर हात ठेवला. पोपटरावांनी तबला अगदी मऊ केला. एवढ्या गर्दीत कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. जाणत्याकडून शिकायला म्हणून मी आयुष्यभर कीर्तनं ऐकली, पण सांगणाऱ्याला त्या गादीवर उभं राहून समोर काय दिसतं, ते मला त्या क्षणी कळलं. सगळे कानच असतात. देवसुद्धा.

"आणि नवव्या महिन्यात," मी आवाज उतरवून म्हटलं, "बाळ फिरतं. डोकं खाली करतं. का करत असेल, अक्का?"

"का गं?"

"या जगात यायचं, तर आधी वाकून नमस्कार करतच यायला पाहिजे ना!"

आणि भोंगा वाजला.

पुढचं मला नीट आठवत नाही. फुलं, गुलाल, जयजयकार, शंख. पुजारीकाकांनी मूर्ती पाळण्यात घातली, बायकांनी दोरी धरली. कुणीतरी माझ्या कपाळाला बुक्का लावला. बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि मग सगळ्यांदेखत माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"बुवा!" मी ओरडले.

"गादीवर आहेस," ते म्हणाले. "खाली उतरलीस की मी थोरला."

आमच्याकडे रीतच तशी. नारदाच्या गादीवर जो उभा, त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं. लहानथोर बघायचं नाही. रांग लागली. कुंभोजकर मास्तर आले. आप्पा आले, त्यांना वर बघवेना. परांडेकर सर आले आणि वाकता वाकता म्हणाले, "मिश्र शैली! मी म्हणतच होतो." आणि शेवटी उमाआत्या आली. तोंड असं, की जणू सुंठवड्यात सुंठच जास्त पडली आहे.

"गादीला करतेय हां, तुला नाही," तिनं आधीच बजावलं आणि वाकली. उठताना मात्र माझा हात धरून हळूच म्हणाली, "वैजे, ते पोटात असताना ऐकतं म्हणालीस, ते खरं का?"

"खरं, आत्या."

"सगळं?"

"मोठ्यानं बोललेलं तर नक्कीच."

आत्यानं कपाळाला हात लावला. "मग आमचा सुऱ्या असला का निघाला, ते आज कळलं. नऊ महिने सासूशी भांडले मी." दोन पावलं जाऊन परत फिरली. "पण डी.एड.चं मी बोलून ठेवलंय. देवळात बोलणं वेगळं आणि साहेबांपुढं बोलणं वेगळं."

ते मलाही माहीत होतं. दुपारी जेवताना मी बुवांना विचारलं, "आज मला सगळं कसं आठवलं हो?"

"मला काय विचारतेस?" बुवांच्या तोंडात भजं होतं. "तुझे सर आहेत ना, त्यांना विचार."

मे महिन्यात आप्पा मला घेऊन पुण्याला गेले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बरोबर लावलं होतं आणि त्याबद्दल वाटेत दोनदा सांगितलंही. लेखी परीक्षा सकाळी होती. प्रश्न वाचले आणि नेहमीप्रमाणे डोळ्यांपुढं पांढरं झालं. मग मी डोळे मिटून समोर एक खांब उभा केला, त्याला सोनाक्कांना टेकवलं आणि लिहायला लागले. पेपर घंटेच्या आधी झाला. फक्त दोन ठिकाणी 'अक्का' हा शब्द खोडावा लागला.

तोंडी दुपारी. आप्पा बाहेर बाकावर बेदाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले. आत लांब टेबल आणि पलीकडे तीन माणसं. मधे विभागप्रमुख रणदिवेबाई, पांढरे केस, कडक इस्त्री. त्यांच्या उजवीकडे एक किडकिडीत प्राध्यापक, नाव वैशंपायन. डावीकडे एक गोल चेहऱ्याचे गृहस्थ. ते बिस्किटं खात होते आणि बाकी कशातच त्यांचं लक्ष नव्हतं.

"बेडकाच्या हृदयाबद्दल सांग," रणदिवेबाई म्हणाल्या.

मला बेडकाच्या हृदयाबद्दल इतकं येत होतं की रात्रभर सांगितलं असतं. मी तोंड उघडलं. कुलूप. खांब उभा करायला गेले, तर जिथं खांब उभा करायचा तिथंच रणदिवेबाई बसलेल्या. प्रत्यक्ष समोर जाणकार असताना मनातल्या सोनाक्का टिकेनात.

"कप्पे किती असतात, एवढं तरी?" वैशंपायन म्हणाले.

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मला इस्लामपूर दिसायला लागलं. डी.एड.चा वर्ग दिसायला लागला. ट्रॅक्टरचं शोरूमसुद्धा दिसलं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहायला पेन उचललं, आणि त्या पेनाकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, तुम्हाला हे माहीत आहे ना?"

"मला?" त्यांचं पेन थांबलं. "मी तीस वर्षं शिकवतेय."

"सरांनाही माहीत आहे?"

"अर्थात," वैशंपायन म्हणाले.

"म्हणूनच सांगता येत नाही," मी म्हटलं. खरं तेच बाहेर आलं. "माहीत असणाऱ्याला मी काय सांगू? त्याला ऐकायचं नसतंच. तो नुसता माझं चुकतंय कुठं, ते बघत असतो. ज्याला माहीत नाही आणि हवंय, असा कुणी असला की मला सगळं येतं, मॅडम. खरंच येतं."

मग बिस्किटाचा कुरकुर आवाज थांबला.

"मला माहीत नाही," डावीकडचे गोल गृहस्थ म्हणाले.

"कोतवाल!" रणदिवेबाई म्हणाल्या.

"नाही माहीत. मी संख्याशास्त्राचा माणूस. नियमाप्रमाणं दुसऱ्या विभागाचा एक सदस्य लागतो म्हणून दर वर्षी इथं येऊन बसतो. आजपर्यंत मला कुणी एक अक्षर सांगितलेलं नाही."

"खरंच नाही माहीत?" मी विचारलं.

"आईशपथ."

मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या समोर नेऊन ठेवली.

"तीन कप्पे असतात, सर. आपल्याला चार, बेडकाला तीन. वरचे दोन वेगळे, खालचा एकच."

"एकच? मग चांगलं रक्त आणि वाईट रक्त एकत्र होणार की!"

"तेच तर! सगळ्यांना तसंच वाटतं. पण तो कप्पा आतून नुसता मोकळा नसतो. खाचाखाचांचा असतो. त्यामुळं फार मिसळत नाही. आणि पुढं गेलं की वाटेत एक पिळाचा पडदा असतो, तो रक्ताला वाटा दाखवतो. तू इकडे, तू तिकडे."

"पण थोडं तरी मिसळत असेल ना? मग तो जगतो कसा?"

"कारण तो कातडीनंही श्वास घेतो, सर. म्हणून तर ओला राहतो. कातडीकडून येणारं रक्तही प्राणवायू घेऊनच येतं. म्हणजे थोडं मिसळलं तरी..."

"पडद्याचं ते जुनं झालं," वैशंपायन मधेच म्हणाले. "पडदा काही फारसं करत नाही."

"कोण म्हणतं जुनं झालं?" रणदिवेबाई त्यांच्याकडे वळल्या. "खाचांनीच सगळं होतं, हे तू विद्यार्थ्यांना सांगत असतोस, ते मला ठाऊक आहे."

"सांगतोच!"

"चूक सांगतोस!"

"थांबा, थांबा," कोतवाल म्हणाले. "किती मिसळतं ते कुणी मोजलंय का? काय गं?"

मी विचार केला. "मला नाही माहीत, सर," मी म्हटलं. हे वाक्य मी परीक्षेत आनंदानं उच्चारेन, असं मला कधी वाटलं नव्हतं. "पण मोजायला पाहिजे. दोन्हीकडून आलेल्या रक्ताला वेगवेगळी खूण करून सोडलं, तर पुढं कुठं किती पोचलं ते..."

ते दोघं ऐकतच नव्हते. वैशंपायनांनी कागद ओढून बेडूक काढायला घेतला होता, बाई त्याच्यावर फुल्या मारत होत्या. कोतवाल मात्र बशी बाजूला सारून, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून माझ्याकडे बघत होते. मी सांगत राहिले. बाहेरून शिपायानं दोनदा डोकावून बघितलं, पुढचा उमेदवार दारातच उभा राहून ऐकायला लागला.

शेवटी रणदिवेबाईंनी वैशंपायनांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. कडक इस्त्रीला कुठं तरी एक सुरकुती पडली होती.

"वसतिगृहासाठी लवकर अर्ज कर," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये जागा राहत नाहीत."

मी उठून उभी राहिले. "म्हणजे मॅडम, माझी निवड झाली?"

"ते मला आत्ता सांगता येत नाही. नियम आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मान डावीकडे किंचित झुकवली. "ज्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांना विचार."

मी कोतवालांकडे बघितलं.

"झाली," ते म्हणाले. "आता बस खाली, आणि तो बेडूक पुरा कर."